साक्षीपुरती संध्याकाळ

तर झालं असं, की ती चित्राकडे पाठ करून उभी होती. आता म्युझियममध्ये मुलांना चित्रं दाखवणारी बाई स्वतः चित्राकडे पाठ करून कशाला उभी राहील, असं कुणालाही वाटेल, पण तिची पद्धतच ती होती, आणि नव्याने कामाला लागणाऱ्यांनाही ती हेच शिकवायची: मुलांनी चित्र बघायचं, आपण मुलं बघायची. कुणाची नजर कुठे थांबते, कुठून निसटते, कुणाची मान वाकडी होते, कोण शेजारणीला कोपर मारतं, ते टिपत टिपत बोलायचं, म्हणजे आपलं बोलणं मुलांच्या नजरेमागून चालतं, पुढून ओढत नाही. चित्र काय, तोंडपाठच असतं. त्या सकाळीही तसंच. पाठीमागे ते चित्र, वर्षभर खाली दुरुस्तीच्या खोलीत राहून आदल्या दिवशीच भिंतीवर परत आलेलं, समोर जमिनीवर मांड्या घालून बसलेली चौथीतली पोरं, आणि ती, जिला ही सगळी पोरं चित्रताई म्हणायची, खोलीत कुणी झोपलेलं असावं अशा हलक्या आवाजात म्हणत होती, "एक मिनिट कुणी बोलायचं नाही. नुसतं बघायचं. बाई टेबलाशी बसलीये. उजेड कसा आहे बघा. दिवस संपत आलाय, दिवे अजून लावलेले नाहीत. आणि तिचा हात बघा, उठायच्या आधी आपण टेकवतो ना, तसा टेकवलाय. कुठे निघाली असेल ती?" आणि पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी, हात वगैरे काही न वर करता, म्हणाली, "पण ताई, ऊन आहे."

इतक्या वर्षांची सवय बघा, तिच्या तोंडून लगेच निघालं, "अरे वा, तुला ऊन दिसलं! आणखी कुणाला काय दिसतंय?" कारण या कामात मुलांचं उत्तर चूक नसतंच, हे तिनेच लिहून ठेवलेलं होतं. मग मागून एकजण म्हणाला, "ती कुठेच निघाली नाहीये. चपला काढून बसलीये." "एक चप्पल उलटी पडलीये," तिसरी म्हणाली. "मी अशी टाकली की आमच्याकडे आरडाओरडा होतो." सगळे हसले, त्यांच्या बाईसुद्धा हसल्या, आणि ती पण हसली, पण हसता हसता ती अडखळली, कारण त्या टेबलाखाली काळोख होता. घट्ट, तपकिरी काळोख. त्या काळोखावर तर तिने अख्खा परिच्छेद लिहिला होता. तिथे चपला नव्हत्या. पोरं थापा मारतात, पोरांना मारू द्याव्यात थापा, असं मनात म्हणत ती वळली.

दुपार होती. चक्क दुपार. जी भिंत तिच्या ओळखीत कायम शेणामातीच्या रंगाची होती ती पांढरी होती, निळसर झाक मारणारी, नुकताच चुना दिल्यासारखी. फरशीवर उन्हाचा एक तिरका चौकोन पडला होता. बाईचे कपडे निळे होते. निळे! ते मातकट आहेत आणि म्हणून बाई भिंतीत विरत चाललीये असं ती आजवर शेकडो पोरांना सांगत आलेली. आणि तो हात. तो उठायला टेकवलेला नव्हताच. बोटं फाकलेली, पंजा सैल, उन्हातून आल्यावर आपण टेबलाच्या गार लाकडावर हात नुसता ठेवून देतो तसा ठेवलेला. डोळे अर्धे मिटलेले. टेबलाखाली दोन चपला, एक उलटी, आणि बाईचे अनवाणी पाय, त्यातल्या एकाचा अंगठा दुसऱ्या पायावर चढवलेला, अगदी आरामात. ही बाई कुठेही निघालेली नव्हती. ही बाई आली होती. आणि गंमत बघा, तिला त्या क्षणी पहिली भीती काय वाटली तर पोरांना कळलं की काय. पोरांना कसलं कळतंय. पोरं दुसऱ्या चित्रातला घोडा बघायला निघून पण गेली. "छान बघितलंत," ती रिकाम्या फरशीला म्हणाली.

आता ही संध्याकाळ तिच्यासाठी काय होती ते सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. ती मुळात चित्रकार, म्हणजे शिकली तेच. पण शिकून बाहेर पडल्यावर दोन-तीन वर्षांतच असं झालं की चित्र अडलं की ती लिहायला बसायची, लिहिणं अडलं की मुलांकडे जायची, मुलांनी डोकं पिकवलं की परत चित्र. मावशी प्रत्येक लग्नात चारचौघांत म्हणायची, "आमची भाची काय, एक ना धड भाराभर चिंध्या." आणि ती हसून म्हणायची, "मावशी, लोकांचे दोन दगडांवर पाय असतात, माझे दगड तीन आहेत, फक्त पाय दोनच." पण मनातून तिला वाटायचं की या चिंध्या एका दोऱ्याने शिवलेल्या आहेत, आणि तो दोरा म्हणजे ते चित्र. आई गेली त्या वर्षी ती एकदा अशीच रिकामी भटकत म्युझियममध्ये शिरली होती आणि त्या चित्रासमोर उभी राहिली आणि तिला हुंदकाच आला, कारण तो उजेड तिच्या ओळखीचा होता. घरी जाऊन तिने एका बैठकीत लेख लिहिला. निघण्याआधीच्या उजेडावरचा लेख. चित्रकाराने चित्राला नाव दिलेलं नुसतं 'टेबलाशी', बाकी कसली वेळ नाही, काही नाही, पण त्या लेखानंतर सगळे त्याला संध्याकाळचं चित्रच म्हणायला लागले. कॉलेजातले मास्तर तो लेख पोरांना वाचायला द्यायचे. म्युझियमने बोलावून नोकरी दिली, भिंतीवरची चार ओळींची पाटी तिच्याकडून लिहून घेतली. आणि ती स्वतः, घरी, तोच उजेड रंगवत राहिली. यलो ऑकरचा मातकट पिवळा, बर्न्ट अंबरचा गडद तपकिरी, वरून तेलाचा पातळ हात, वाळला की आणखी एक, आणखी एक, खोल्या, दारं, खुर्च्या, सगळ्यांवर ती मुरलेली संध्याकाळ. आणि आता, किती वर्षांनी, एका गॅलरीवाल्याने ती मांडायची म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात. आज संध्याकाळी तो फोन करणार होता, पक्कं हो म्हणायचं, की पत्रिका छापायला जाणार. हो तर ती म्हणणारच होती. आता ती घोड्याच्या चित्रापाशी मुलांचा गलका ऐकत उभी होती आणि तिला काही केल्या एवढंच आठवेना, की आपण ऑकर आधी लावतो की अंबर.

मुलं गेल्यावर ती तळमजल्यावर डॉक्टरकडे गेली. चित्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तिथे सगळे डॉक्टर म्हणतात. जाडगेला, शिट्टी वाजवत काम करणारा, कपाळावर भिंग चढवलेला, कायम खूश. दार ढकललं आणि तो वास आला, रसायनाचा, गोडसर, नाकात टोचणारा, आणि तिचे पाय उंबऱ्यावरच थबकले, कारण हा वास तिच्या बाबांच्या दुकानाचा होता, पण ते नंतर.

"या, या! बघितलात? कसा खडखडीत बरा झालाय पेशंट!"

"दुपार आहे," ती म्हणाली.

"अहो, मीच उडालो! तुमचा लेख मी समोर भिंतीला लावलेला, तो बघा, खोटं नाही सांगत. म्हटलं एवढी नावाजलेली संध्याकाळ, जरा उजळून देऊ. कापसाचा बोळा फिरवायला लागलो तर काय, संध्याकाळच बोळ्यावर!" आणि तो स्वतःच्याच विनोदावर असा हसला की भिंग कपाळावरून नाकावर आलं. त्याने टेबलावरची एक काचेची बरणी पुढे सरकवली. बरणीत वापरलेले बोळे होते, गच्च भरलेले, तपकिरी, पिवळट, काही जवळजवळ काळे. तिने बरणी हातात घेतली. हा ऑकर. हा अंबर. हा तर अगदी तो, दाराच्या फटीत वापरते तो, जो साधायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता.

"काय होतं हे?"

"वॉर्निश हो. पिवळं पडतं म्हातारपणी. त्यावर धूर. म्युझियमकडे यायच्या आधी कुणाच्या तरी घरी चुलीसमोर टांगलेलं होतं म्हणे, खूप वर्षं. फोडण्या खाल्ल्यात तुमच्या बाईने!"

"आणि चपला?"

"त्या होत्याच की! चपला कुठे जातायत?"

"मला सांगायचं होतंत."

डॉक्टर जरा गंभीर झाला. "बाई, किती वेळा बोलावलं मी तुम्हाला. अर्धं झाल्यावर बोलावलं, अर्धी भिंत पांढरी अर्धी काळी होती तेव्हा तर खास. तुम्हीच म्हणालात, माझी चित्रं चालू आहेत, आत्ता डोक्यातलं हलायला नको." हे खरं होतं. ती असंच म्हणाली होती, आणि त्यानंतर तळमजल्याकडे फिरकली नव्हती तेही तिला आठवलं. म्हणजे कुठेतरी माहीत होतं का? माणसाला माहीत असतं आणि तरी तो पाठ करून उभा राहतो, असं असतं का? तिने बरणी खाली ठेवली. तिचा चेहरा बघून डॉक्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, तो समजूत घालायला म्हणाला, "सगळी नाही काढली हां. आमच्यात पद्धत आहे. एक एवढासा तुकडा न पुसता ठेवायचा, कडेला, फ्रेमच्या आत झाकला जाईल असा. साक्षीला. पुढे कुणी विचारलं की बाबा आधी कसं होतं, तर दाखवायला." त्याने फोनवर फोटो मोठा करून दाखवला. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीच्या टोकाला, नखाएवढा एक मळका चौकोन. "ही तुमची संध्याकाळ," तो म्हणाला. "आहे, सुखरूप आहे."

त्या वासाचं सांगायचं राहिलं. तिच्या बाबांची ड्रायक्लीनिंगची लाँड्री होती, एका गल्लीत, पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री, आणि वर दांड्यांवर प्लॅस्टिकमध्ये टांगलेले कोट. लहानपणी शाळा सुटली की घरी थोडा वेळ आई, आणि दिवस कलला की आई तिला दुकानात सोडायची आणि कामावर जायची. आई नर्स होती, कायम रात्रपाळी. तिला दुकानातली ती वेळ अंगात भिनल्यासारखी आठवायची. जुन्या प्लॅस्टिकमधून गाळून आलेला पिवळा उजेड, आईच्या बुटांना नुकत्याच लावलेल्या पांढऱ्या पॉलिशचा वास, काउंटरवर एक हात टेकवून आई वाकायची, "शहाण्यासारखी राहा हं," म्हणायची, आणि तो हात उचलला की आई गेलेली असायची. रोज. म्हणजे तिच्या हिशेबी आई ही निघणारीच बाई होती, येताना कधी दिसलीच नाही, सकाळी ती शाळेला जायची तेव्हा आई घरी पोचायचीच असायची. मागच्या कोपऱ्यात जे कपडे लटकायचे त्यांच्याखाली बसून ती पाटीवर चित्रं काढायची. ते कपडे परवाचे. त्यांच्या दुकानात अशी भाषा होती बघा: चांगला निघालेला कपडा असेल तर बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, उद्या. आणि ज्याचा रंग उडाला, जो जळला, जो आता काही धड होणारच नाही, त्याला म्हणायचे, परवा. गिऱ्हाईक दोन दिवसांनी आलं की परत, परवा. असं करत करत गिऱ्हाईक यायचंच बंद व्हायचं आणि कपडा तिथेच राहायचा. आई निघाली की खाली बसलेल्या लेकीच्या डोक्यावर हे सगळे परवा हलायचे जरासे, वाऱ्याने.

डॉक्टरच्या खोलीतून ती वर आली तर मोठ्या बाई, म्हणजे संचालकबाई, जिन्यातच उभ्या. "अगं, तू आहेस का! ती पाटी बदलायला हवी ना आता, लोक हसतील. आज देशील? घाई नाही, पण आज दे." अशी त्यांची घाई नसायची. ती आपल्या टेबलाशी बसली आणि वाटलं, आता आपल्याच्याने एक अक्षर व्हायचं नाही, बसल्या बसल्या रडू फुटेल. तर काय झालं सांगू? झालं. भराभर झालं. 'भर दुपार. बाहेरचं ऊन तिने दाराशी सोडलं नाही, सोबत आत आणलं आहे.' मग चपलांवर एक ओळ. मग त्या सैल हातावर एक. शब्द असे आले, जसे तेव्हा आले होते, तसाच घशाशी आवंढा, शेवटच्या ओळीला आता थांबायचं हे कळवणारा तसाच झटका. मोठ्या बाईंनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "आधीच्यापेक्षा सुंदर आहे गं हे. तुला कसं सुचतं?" आणि दुपारच्या गटाला, ती आता मुलींची शाळा होती, तिने त्याच चित्राकडे पाठ करून, त्याच हलक्या आवाजात सांगितलं, "ही बाई आत्ताच आलीये. तिला कुणी काही विचारू नका," आणि मुली गप्प झाल्या, आणि मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बाईंनी पदराने नव्हे, रुमालाने, पण डोळे टिपले खरे. संध्याकाळ सांगायची तेव्हाही कुणीतरी टिपायचंच. वर्षानुवर्षं टिपत आलेले लोक. तिथे तिच्या पायाखालची जमीन खरी सरकली. सकाळी वाटलं होतं आपण चुकलो. चुकणं परवडतं, माणूस चुकतो, सुधारतो. हे वेगळंच होतं. चित्र काहीही असो, तिचा गळा भरून येतच होता. म्हणजे ती नळ होती, तोटी फिरवली की ओलावा. मग आई गेली त्या वर्षीचा तो हुंदका, तोही तसाच होता का? त्याच्यावर तर सगळं उभं होतं. नोकरी, लेख, आणि घरी भिंतीला टेकवून ठेवलेले ते सगळे कॅनव्हास, ज्यांच्याबद्दल आज हो म्हणायचं होतं.

ती चालतच घरी निघाली. बाहेर संध्याकाळ होती, खरीखुरी, आणि ती तिच्या चित्रांसारखी मुळीच नव्हती. दुकानांच्या पाट्या गुलाबी, आकाश राखी-निळं, बसच्या काचांवर हिरवट चमक, एका इमारतीच्या फक्त वरच्या मजल्याला नारिंगी. तपकिरी कुठेच नव्हतं. तिने मुद्दाम शोधलं, भिंतींत, झाडांच्या बुंध्यांत, लोकांच्या चेहऱ्यांत, थांबून थांबून बघितलं, एका माणसाने "काही हरवलंय का?" म्हणून विचारलंसुद्धा. मग दुकानातली ती संध्याकाळ? ती कसली पिवळी? जुन्या प्लॅस्टिकची. तिला फुटपाथवरच हसू आलं. आयुष्यभर ती ज्याला उजेड म्हणत आली ते एकदा प्लॅस्टिक निघालं आणि एकदा फोडणीचा धूर. रस्ता ओलांडताना फोन वाजला. गॅलरीवाला. "घाईत आहात वाटतं? सातला करतो परत. आणि ऐका, पत्रिकेतला मजकूर तुमचा तुम्हीच लिहा हं. तुमच्याइतकं कोण लिहिणार?" ती "बरं" म्हणाली. तो मजकूर तिला त्या क्षणी, रस्त्याच्या मध्यावर, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत दिसला. दोन्ही प्रकारचा. संध्याकाळच्या बाजूने आणि विरुद्ध बाजूने. फोन पिशवीत टाकून ती भराभर चालत सुटली.

घरी बाबा रुमालांना इस्त्री करत होते. दुकान कधीच विकलं, पण हाताला चैन नाही, शेजारपाजारचे रुमाल मागून आणतात. खोली एकच मोठी, अर्ध्यात बाबांची इस्त्री, अर्ध्यात तिचे कॅनव्हास, भिंतीला एकामागे एक. तिने पिशवी टाकली, ते सगळे पुढे ओढले, ओळीने उभे केले आणि ट्यूबलाइट लावली.

"काय गं ठमे, आज प्रदर्शन घरीच?" बाबा म्हणाले.

तिने सांगितलं सगळं, चित्राचं, बोळ्यांचं, चपलांचं. बाबा ऐकताना इस्त्री थांबवत नाहीत. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे. डाग गेला की कापड दिसतं, आणि कापड दिसलं की गिऱ्हाईक भांडतं. म्हणतं हा माझा कोटच नव्हे. मी किती शिव्या खाल्ल्यात त्यापायी." मग मान तिरकी करून ओळीकडे बघत, "ही पण देतेस का तुझ्या त्या डॉक्टरला?"

"यांचा नाही निघणार, बाबा."

"का? पक्का बसलाय?"

"यांच्याखाली काही नाहीये. मळ काढला तर नुसता कॅनव्हास निघेल."

बाबांनी रुमालाची घडी घातली, घडीवर परत एक हात फिरवला. ती जमिनीवर बसली, त्या ओळीकडे पाठ करून, आणि तेव्हा लक्षात आलं की हे सवयीने झालं. समोर बाबा. बाबांमागे स्वयंपाकाच्या ओट्याला लागून ते जुनं टेबल, लहानपणापासूनचं, घर बदललं तरी बरोबर आलेलं, कडा झिजलेलं. ती त्या टेबलाकडे बघत राहिली. आणि तिला अशी एक गोष्ट सुचली जी तिला इतक्या वर्षांत सुचली नव्हती, लेख लिहिताना नाही, एवढ्या शाळांच्या पोरांना 'कुठे निघाली असेल ती' विचारताना नाही.

"बाबा, आई दुपारी काय करायची?"

"कुठल्या दुपारी?"

"रोजच्या. मी शाळेत असायचे तेव्हा. झोपायची ना?"

"झोपायची सकाळी आल्या आल्या, थोडी. दुपारी बसायची."

"बसायची म्हणजे?"

"बसायची म्हणजे बसायची. ह्याच टेबलाशी." बाबांना त्यात नवल वाटत नव्हतं. "मी दुकानाचं शटर ओढून जेवायला यायचो, तर ही बसलेली. बूटबीट काढून, पाय फरशीवर. पुढ्यात रिकामा कप. मी आपला वाढून घ्यायचो, जेवायचो, जायचो. बोलायचं नाही असं ठरलेलंच होतं. म्हणायची, मला एवढा वेळ कुणी काही विचारू नका."

"माझी वाट बघत असेल," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला चौथीतला वाटला.

बाबांनी इस्त्री फिरवली, मग आणखी एकदा तिथेच फिरवली. "वाट कशाची? तू येणारच होतीस. तू यायच्या जरा आधी उठायची, तोंड धुवायची, केस बांधायची. हसायची, म्हणायची, चला, आता आई व्हायची वेळ झाली." ते थांबले, पण जुनं काही सापडलं की म्हाताऱ्या माणसाला दम धरवत नाही. "तिला दिवसपाळी मिळत होती, माहितीये का तुला? दोनदा. त्यांची मोठी नर्स दुकानात आलेली मला सांगायला, तुम्ही तरी समजवा म्हणून. ही ऐकेना. म्हणाली, दिवसपाळी घेतली तर माझी दुपार जाईल."

तर रात्रपाळी आईने मागून घेतली होती. ती रोजची काउंटरवरची वाकलेली मान, तो टेकवलेला हात, ते 'शहाण्यासारखी राहा', ते सगळं त्या दुपारची किंमत होती, आणि किंमत आई हसत चुकती करत होती. ती दुपार सुखाची होती. कुणीच नव्हतं तिच्यात. लेकसुद्धा नव्हती. तिला ते चित्र आता पाठ न करता दिसलं, ती सैल बोटं, तो दुसऱ्या पायावर चढवलेला अंगठा, अर्धे मिटलेले डोळे, आणि त्या खोलीचं दार, जे चित्रात नाहीच, ज्याच्या बाहेर उभं राहून आपण इतकी वर्षं बडबडत होतो. यावर काही लिहिता येईल का, असा विचार मनात आला. आलाच. पहिली ओळ तयारसुद्धा होती. तिने दोन्ही तळहात फरशीवर घट्ट दाबून धरले, ती ओळ विझेपर्यंत.

"बोलायला नको होतं का मी?" बाबा म्हणाले.

"नाही हो."

"तुझ्यावर जीव होता तिचा."

"माहितीये, बाबा."

फोन वाजला. दोन-तीन रिंगा झाल्या. "उचल की," बाबा म्हणाले. तिने उचलला.

"हां, काय मग? पक्कं ना? छापायला टाकतो मी," गॅलरीवाला म्हणाला. त्याच्यामागे कुठेतरी कुणी खिळे ठोकत होतं.

"चित्रं नाहीयेत आत्ता," ती म्हणाली.

"नाहीयेत म्हणजे? परवाच तर बघून आलो मी."

"धुवायला टाकलीत."

तो मोठ्याने हसला. "काय तुम्ही पण! बरं, मग मिळतील कधी?"

तिने वळून त्या ओळीकडे पाहिलं. ट्यूबच्या उजेडात ते सगळे तसेच उभे होते, दारं, खुर्च्या, रिकाम्या खोल्या, आणि वर कुठलाही वारा नसताना तिला ते जरासे हलल्यासारखे वाटले.

"परवा," ती म्हणाली.

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली, आणि पहिल्यांदाच तिच्या चित्रांकडे, एकेका चित्राकडे थांबून, जाणकार माणसासारखं बघितलं. त्या शब्दाचा अर्थ त्यांना सांगावा लागणार नव्हता.